चार्जर दिसतो, पण चालतो का? सोलापूरच्या वाचकांची प्रश्नोत्तरं

विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या सार्वजनिक चार्जिंगबद्दल मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. घरच्या चार्जिंगविषयी तक्रार करणारी पत्रं थोडीच आली. बहुतेकांची गाडी अडली ती हायवेवर, लॉजच्या पार्किंगमध्ये किंवा चौकातल्या चार्जरसमोर. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : चार्जरवर मोठ्या अक्षरांत ६० किलोवॅट लिहिलं होतं. मे महिन्यात दुपारी गाडी लावली तर स्क्रीनवर २२ च्या वर आकडा गेला नाही. दोष गाडीचा की चार्जरचा? (जुळे सोलापूर)

बोर्डावरचा आकडा ही त्या यंत्राची कमाल मर्यादा असते. गाडी जेवढं मागते आणि चार्जर जेवढं देऊ शकतो, त्यातलं जे कमी असेल तेच तुम्हाला मिळतं. तेव्हा पुढच्या वेळी किलोवॅटऐवजी स्क्रीनवरचे व्होल्ट आणि अँपिअर बघा. उदाहरणार्थ ३३० व्होल्ट आणि ६६ अँपिअर दिसले, तर गुणाकार येतो साधारण २२ किलोवॅट. आता प्रश्न एवढाच उरतो की अँपिअर ६६ वरच का थांबले.

पहिली शक्यता सगळ्यात साधी आहे. शेजारच्या गनवर (गन म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाचा प्लग) दुसरी गाडी होती का? दोन गनचे बरेचसे चार्जर दोन्ही गन चालू झाल्या की ताकद निम्मी-निम्मी करतात. म्हणजे ६० चे झाले ३०. शेजारची गाडी निघून गेल्यावर काही यंत्रं आपोआप पूर्ण ताकद देतात, काहींना सेशन बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

दुसरी शक्यता तुमच्या गाडीचीच मर्यादा. छोट्या गाड्यांमध्ये डीसी, म्हणजे जलद चार्जिंगची कमाल २५-३० किलोवॅट असू शकते. मॅन्युअलमध्ये ती दिलेली असते. १२० चा चार्जर लावला तरी ती ओलांडली जात नाही.

तिसरी शक्यता बाहेरून दिसत नाही. ६० किलोवॅटचा चार्जर म्हणजे एकच मोठं यंत्र नसतं. आत १५, २० किंवा ३० किलोवॅटची पॉवर मॉड्युलं रांगेत बसवलेली असतात. त्यातलं एखादं बंद पडलं तरी चार्जर चालूच राहतो, फक्त कमी देतो. अॅपवर तो 'उपलब्ध' दिसतो, म्हणून महिनोन् महिने कुणी दुरुस्तीला येत नाही. वेगवेगळ्या गाड्यांना, एकटीच गाडी असताना आणि बॅटरी तीस-चाळीस टक्क्यांवर असतानाही, तोच खालचा आकडा येत असेल तर मॉड्युल गेलेलं आहे असं समजायला हरकत नाही. तसं हेल्पलाइनला स्पष्ट शब्दांत कळवा. नुसतं 'स्लो चालतोय' म्हटलं की तक्रार तिथेच विरते.

चौथं कारण आपल्याकडचा उन्हाळा. सावलीत ४२-४३ अंश असताना उन्हात उभ्या असलेल्या लोखंडी कपाटाच्या आत काय होत असेल ते सांगायला नको. आतली मॉड्युलं ठरावीक तापमानानंतर स्वतःहून उत्पादन कमी करतात. त्यात हवा आत घेणारे फिल्टर धुळीने बुजलेले असतील तर ही वेळ लवकर येते. तिकडे गाडीचीही तीच गत असते. शंभर किलोमीटर हायवेला पळवून आणलेली बॅटरी आधीच चाळिशीच्या वर तापलेली असते, आणि ती आणखी तापू नये म्हणून गाडीतली बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा करंट उतरवते. एप्रिल-मे महिन्यात सकाळी नऊच्या आत किंवा दिवस मावळल्यावर चार्जिंग करा, फरक लगेच दिसेल. दुपारीच करावं लागलं तर केबिनचा एसी बंद ठेवा. ज्या गाड्यांत बॅटरी द्रवाने थंड करतात, तिथे बहुधा एकच कॉम्प्रेसर केबिन आणि बॅटरी दोन्हीकडे राबत असतो.

आणि ८० टक्क्यांनंतर वेग पडतो तो दोष नव्हे, लिथियम बॅटरीचा तो स्वभावच आहे. ३० युनिटच्या बॅटरीत २० ते ८० टक्के म्हणजे १८ युनिट. २२ किलोवॅटने पन्नास मिनिटं. पुढच्या २० टक्क्यांना कधीकधी तेवढाच वेळ जातो. पुढचा टप्पा खरोखर लांब नसेल तर ८० वर गन काढा, मागच्यालाही बरं पडेल.

प्रश्न : अॅपवर चार्जर 'उपलब्ध' दिसला म्हणून वीस किलोमीटर वाट वाकडी केली. गन लावली, पैसे वळते झाले, पण चार्जिंग सुरूच झालं नाही. अशा वेळी जागेवर काय करून बघायचं? (बाळे)

अॅपवरचा हिरवा ठिपका एवढंच सांगतो की चार्जरमधल्या सिमकार्डाने थोड्या वेळापूर्वी सर्व्हरला निरोप पाठवला होता. गनमधून वीज येते की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून निघण्यापूर्वी ठिपक्यापेक्षा त्या जागेवरचं शेवटचं यशस्वी चार्जिंग कधी झालं ते बघा. वापरणाऱ्यांनी दोन-तीन दिवसांत काही लिहिलंय का तेही वाचा. शक्य असेल तर तिथल्या पंपावर किंवा हॉटेलात एक फोन टाका.

जागेवर पोचल्यावर हा क्रम ठेवा. आधी लाल रंगाचं, भुछत्रासारखं आपत्कालीन बटण बघा. पोरंटोरं येताजाता ते दाबून ठेवतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिळलं की ते टक्कन वर येतं. त्यानंतर यंत्र सावरायला एक-दोन मिनिटं द्या. मग गनच्या तोंडात धूळ, मुंगळे, पाणी आहे का ते पाहा. कापडाने बाहेरून पुसा, आत काहीही घालू नका.

गन बसवताना सरळ रेषेत ढकला आणि 'खट्' आवाज आल्यावरही अर्धा मिनिट खालून हाताने किंचित उचलून धरा. सीसीएस-२ या कारच्या नेहमीच्या डीसी गनची केबल जड असते, तिच्या वजनाने गन तोंडाशी खाली झुकते आणि छोट्या पिनांचा संपर्क अर्धवट राहतो. गाडी आणि चार्जर यांचं आपसातलं बोलणं याच पिनांवरून होतं. त्यानंतर केबलमध्ये विजेची गळती नाही ना याची तपासणी होते आणि मग गाडीतले कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) 'टक टक' करून जोडले जातात. या सगळ्याला वीस ते चाळीस सेकंद लागतात. पाचव्या सेकंदाला घाईने गन ओढली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

तरीही होत नसेल तर सेशन बंद करा, गन काढा, गाडी लॉक करून दोन-तीन मिनिटं थांबा. तेवढ्यात गाडीचे कंट्रोलर झोपतात आणि जुनी चूक पुसली जाते. मग पुन्हा प्रयत्न. काही यंत्रांना आधी गन आणि मग अॅपवरून स्टार्ट हवं असतं, काहींना उलट; स्क्रीनवरची सूचना वाचा. दुसरी गन मोकळी असेल तर तीही लावून बघा.

आणखी एक फसवी गोष्ट. स्क्रीन उजळलेली आहे म्हणजे यंत्राला पूर्ण वीज आहे असं नाही. स्क्रीन आणि सिम एका फेजवर चालतात. चार्जिंगला तिन्ही फेज लागतात. डीपीवरचा एक फ्यूज उडाला की चार्जर हसतमुखाने 'तयार आहे' म्हणतो आणि सुरू करताच नाही म्हणतो. शेजारच्या हॉटेलात विचारा, त्यांचीही थ्री-फेज मोटर बंद असेल तर वेळ घालवू नका.

पैशांचं म्हणाल तर अनेक अॅप सुरुवातीला ठरावीक रक्कम अडकवून ठेवतात आणि न वापरलेली परत करतात. चार्जरचा क्रमांक, गनचा क्रमांक, वेळ आणि स्क्रीनवरचा संदेश यांचा एक फोटो काढून ठेवा. पुढचं भांडण सोपं जातं.

प्रश्न : माझी इलेक्ट्रिक रिक्षा आहे. पंपावर एवढा मोठा चार्जर बसवलाय, पण त्याची गन रिक्षाला बसतच नाही. एखादा जोड मिळतो का बघा की. (अक्कलकोट रोड)

जोड घेऊ नका. कुणी 'बनवून देतो' म्हटलं तरी नको. कारच्या डीसी चार्जरचा व्होल्टेज साधारण दीडशे-दोनशेपासून पुढे सुरू होतो आणि तुमच्या रिक्षाचा पॅक बहुधा ४८ ते ५२ व्होल्टचा. गन बसली असती तरी उपयोग नव्हता, अपघात मात्र झाला असता.

तुमच्यासाठी रस्ते वेगळे आहेत. पहिला म्हणजे १५ अँपिअरचं सॉकेट. भारत एसी-००१ नावाच्या जुन्या सरकारी नमुन्याच्या खांबावर अशी तीन सॉकेटं असतात, प्रत्येकी ३.३ किलोवॅट, निळ्या रंगाची, गोल, औद्योगिक पद्धतीची. त्याला लागणारा प्लग गाडीबरोबर ठेवावा लागतो. दुसरा रस्ता हलक्या वाहनांच्या डीसी चार्जरचा. त्यासाठी भारतीय मानक संस्थेने दोन जोडण्या ठरवल्या आहेत : आयएस १७०१७ च्या भाग २-६ मधली, १२० व्होल्ट आणि १०० अँपिअरपर्यंतची, आणि भाग २-७ मधली, जिच्यात एकाच तोंडातून एसी-डीसी दोन्ही होतं. तुमच्या रिक्षाला यातलं कोणतं तोंड आहे ते कंपनीच्या शोरूममध्ये विचारून कागदावर लिहून घ्या आणि अॅपमध्ये तोच फिल्टर लावा. सरसकट 'चार्जिंग स्टेशन' शोधलं की कारचे चार्जरच वर येतात.

हिशेब असा करा. ३ किलोवॅटच्या चार्जरवर दुपारच्या जेवणाच्या दीड तासात चार-सव्वाचार युनिट आत जातात. प्रवासी रिक्षा एका युनिटला १२-१३ किलोमीटर देत असेल तर पन्नास किलोमीटरची सोय झाली. हे लिथियम बॅटरीसाठी. लेड-अॅसिडची ई-रिक्षा असेल तर असं तुकड्यातुकड्यात चार्जिंग तिला मानवत नाही. तिला रात्रभर आणि हवेशीर जागेतच लावा, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

प्रश्न : बोर्डावर युनिटला २० रुपये, बिल मात्र जास्त. (होटगी रोड)

चार्जिंग ही सेवा धरली जाते आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. १८ युनिटचे २० रुपयांनी ३६० आणि वर ६४ रुपये ८० पैसे, एकूण ४२४ रुपये ८० पैसे. दर करासह आहे की कराशिवाय, हे अॅपमध्ये बारीक अक्षरांत असतं. शिवाय चार्जरने मोजलेले युनिट आणि बॅटरीत साठलेले युनिट यांत थोडा फरक राहतोच. गाडीचा एसी आणि बॅटरी थंड करणारी यंत्रणाही त्यातलीच वीज खाते. चार्जिंग संपल्यावर गाडी तिथेच ठेवली तर काही ठिकाणी मिनिटावर दंडही लागतो.

प्रश्न : अक्कलकोटला लॉजवर मुक्काम होता. गाडीसोबत आलेला १५ अँपिअरचा चार्जर लावला तर लाल दिवा. तिथला वायरमन म्हणाला, 'सॉकेटमध्ये छोटी वायर टाकून देतो, चालेल.' आम्ही नको म्हटलं. बरोबर केलं का? (विजापूर रोड)

अगदी बरोबर. तो वायरमन सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडणार होता. तसं केलं की चार्जर फसतो, अर्थिंग आहे असं त्याला वाटतं आणि चार्जिंग सुरू होतं. पण पुढे कधी न्यूट्रलची तार सैल झाली किंवा तुटली, तर थेट २३० व्होल्ट तुमच्या गाडीच्या पत्र्यावर येतात. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून दार उघडणाऱ्याचं काय होईल, विचार करा.

लाल दिव्याचं कारण दहात नऊ वेळा अर्थिंग असतं. घरातला पंखा, टीव्ही, मिक्सर अर्थिंगशिवाय बिनतक्रार चालतात, म्हणून लॉजवाल्याला आपल्याकडे अर्थिंग नाही हे माहीतच नसतं. गाडीचा चार्जर मात्र ते आधी तपासतो. सातशे-आठशे रुपयांचा मल्टिमीटर गाडीत ठेवला तर दोन मिनिटांत उलगडा होतो, मात्र वापरायची सवय नसेल तर जाणकाराकडूनच मोजून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थमध्ये सत्तर, शंभर, दीडशे असं काही तरंगतं माप आलं तर अर्थची तार कुठेच पोचलेली नाही. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस-तीस आले तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थिंग निकामी आहे.

आपल्या जिल्ह्यात याला जमिनीचीही साथ आहे. काळ्या मातीत पावसाळ्यात अर्थिंग छान लागतं. एप्रिलमध्ये तीच माती भेगाळते, अर्थिंगच्या पाइपापासून सुटते आणि रोध वाढत जातो. खाली मुरूम-खडक असेल तर आणखी वाईट. म्हणून जानेवारीत चाललेलं सॉकेट मे महिन्यात लाल दिवा दाखवतं. खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतलं की तेवढ्यापुरतं काम होतं. कायमचं हवं असेल तर अडीच-तीन मीटर खोल रॉड, भोवती ओल धरून ठेवणारी रासायनिक भर आणि वर पाणी घालायला झाकणाचा चौथरा. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून घ्या. पाच ओहमच्या आत आलं पाहिजे, आणि ते माप उन्हाळ्यात घ्या.

अर्थिंग ठीक असेल तर पुढची अडचण वायरची. खोलीतून खाली सोडलेली तीस मीटर एक्स्टेन्शन वायर १.५ चौरस मि.मी.ची असेल, तर १५ अँपिअरला तिच्यात अकराएक व्होल्ट वाटेतच जातात आणि सुमारे दीडशे वॅट उष्णता वायरभर पसरते. वायर गुंडाळलेली ठेवली तर ती वितळते. ४ चौरस मि.मी. तांब्याची वायर असेल तर घट चार व्होल्टवर येते. खरी आग लागते ती मात्र सॉकेटच्या तोंडाशी. गीझर दहा मिनिटं चालतो, गाडी आठ तास. सैल पत्ती तेवढ्यात काळी पडते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. धरवत नसेल तर लगेच बंद करा. चार्जरवर करंट कमी करायची सोय असेल तर दुसऱ्या सॉकेटवर १० अँपिअरला लावा. रात्री नऊ तासांत तरीही अठरा युनिटच्या जवळपास बॅटरीत जातात, म्हणजे छोट्या गाडीची २० वरून ८० टक्के.

लॉजवाल्याला वीस युनिटचे पैसे आधीच ठरवून द्या. संकोचापोटी चोरून सॉकेट वापरणाऱ्यांमुळेच आता काही ठिकाणी 'ईव्ही चार्जिंग नाही' अशा पाट्या लागल्या आहेत. लाइट गेल्यावर जनरेटरवर चालेल असं गृहीत धरू नका. छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, तिथेही लाल दिवाच.

प्रश्न : ३० युनिट बॅटरीची गाडी घेऊन पुण्याला जायचंय. चार्जिंग कुठे करावं? (सात रस्ता)

विशिष्ट चार्जरचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आज चालणारा उद्या बंद असतो. पद्धत सांगतो. सोलापूर-पुणे साधारण अडीचशे किलोमीटर. ८०-८५ च्या वेगाने शंभर किलोमीटरला १४ युनिट धरा. इंदापूर सुमारे ११० किलोमीटर, तिथे पोचताना बॅटरी ५० टक्क्यांच्या आसपास राहते. भिगवण आणखी ३५ किलोमीटर पुढे. म्हणजे इंदापूरचा चार्जर बंद निघाला तरी भिगवणला ३२-३३ टक्के घेऊन पोचता. उलट, भिगवणच मुख्य थांबा ठेवला आणि तो बंद निघाला तर पुढे यवतपर्यंत जीव मुठीत. मुख्य थांब्यावर पोचताना पुढच्या थांब्यापुरती वीज शिल्लक असावी, हा नियम कधी मोडू नका. इंदापुरात ५० चे ८० केले, म्हणजे नऊ-दहा युनिट घेतले की पुण्यात १५ टक्के शिल्लक ठेवून उतरता. चहा-नाश्त्याएवढा वेळ.

पुणे आपल्यापेक्षा शंभरेक मीटर उंच आहे, पण त्याने जेमतेम अर्धा युनिट जास्त जातो. खरा खर्च वाऱ्याचा. जून ते ऑगस्ट पुण्याकडे जाताना समोरून पश्चिमेचा वारा असतो आणि त्या दिवसांत वापर २०-२५ टक्क्यांनी वाढू शकतो. तेव्हा टेंभुर्णीलाच, ८५ किलोमीटरवर, थोडं भरून घेतलेलं बरं. आषाढीच्या आधीचे आठ-दहा दिवस तर पालखी मार्गांमुळे वाहतूक वळवलेली असते, त्याचे जादा किलोमीटर धरा.

प्रश्न : पावसात चार्जिंग करावं का? (शेळगी)

करता येतं. गन पूर्ण बसून तपासणी झाल्याशिवाय तिच्यात वीज येतच नाही. गनचं तोंड पावसात वर करून धरू नका, आणि चौथऱ्याला पाणी लागलेलं असेल तर जवळ जाऊ नका. ओलीमुळे 'आयसोलेशन फॉल्ट' (विजेच्या गळतीचा इशारा) आला तर गन पुसून दहा मिनिटं टांगून ठेवा आणि पुन्हा लावा.

प्रश्न : अपार्टमेंटमध्ये आमच्या पार्किंगला चार्जर लावायला बाकीचे सभासद तयार नाहीत. वेगळं मीटर मिळतं का? (आसरा चौक)

मिळतं. ग्राहक हक्कांच्या केंद्रीय वीज नियमांत २०२४ साली जी दुरुस्ती झाली, तिने चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणी मागण्याचा हक्क दिला आहे. घरच्या मीटरवरून चार्जिंग करायलाही बंदी नाही. सभासदांचा विरोध बहुतेक वेळा आगीच्या भीतीने आणि 'सगळ्यांच्या बिलातून याची गाडी' या संशयाने असतो. म्हणून बैठकीत जाताना कागद घेऊन जा : मीटरपासून पार्किंगपर्यंतचा केबलचा मार्ग, ७.४ किलोवॅटच्या चार्जरसाठी किमान ६ चौरस मि.मी. तांबं (पंचवीस मीटरच्या पुढे १०), ४० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचं गळतीरक्षक आणि स्वतंत्र अर्थ. एकेकाने मनाला येईल तशी वायर ओढण्यापेक्षा पहिल्याच वेळी पाच-सहा जणांपुरता केबल ट्रे घातला तर पुढचे वाद वाचतात.

प्रश्न : सरकार म्हणतं ठरावीक अंतरावर चार्जिंग स्टेशन. मग मंगळवेढ्याकडे, बार्शीकडे का दिसत नाहीत? (मंगळवेढा)

केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हायवेवर दर २५ किलोमीटरला आणि शहरात ३ बाय ३ किलोमीटरच्या चौकोनात एक, असं होतं. सप्टेंबर २०२४ च्या सूचनांनी ते हायवेवर २० किलोमीटर आणि शहरात १ बाय १ किलोमीटर केलं, २०३० पर्यंत. राज्याच्या २०२५ च्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर २५ किलोमीटर आहे. ही सगळी उद्दिष्टं आहेत. चार्जर बसवला नाही म्हणून कुणाला दंड होत नाही.

पैसा आला, नाही असं नाही. मार्च २०२३ मध्ये फेम-२ या केंद्राच्या वीजगाड्यांसाठीच्या योजनेतून तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ चार्जरसाठी ८०० कोटी मंजूर झाले. पुढे ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवले. पण अनुदान मिळतं ते बसवण्याला. बसवल्यानंतर जागा एकाची, यंत्र दुसऱ्याचं, अॅप तिसऱ्याचं, सिम चौथ्याचं आणि वीज पाचव्याची. बंद पडल्यावर पंपावरचा मुलगा हेल्पलाइनचा नंबर दाखवतो, हेल्पलाइन वीज तपासा म्हणते, वीजवाले आमच्या बाजूने ठीक म्हणतात. आमच्या मते चार्जरची संख्या मोजणं आता पुरे. महिन्यातले किती तास तो खरोखर चालला, यावर अनुदानाचा पुढचा हप्ता बांधला पाहिजे.

प्रश्न : मोहोळजवळ हायवेला आमचा ढाबा आहे. ६० किलोवॅटचा चार्जर बसवावा म्हणतो. परवाना लागतो का, खर्च निघेल का? (मोहोळ)

परवाना लागत नाही. चार्जिंग म्हणजे वीजविक्री नव्हे, सेवा आहे, असं केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं. महावितरणकडे चार्जिंग स्टेशनसाठी स्वतंत्र दराची जोडणी मागायची. ढाब्याच्या मीटरवर चालवू नका.

सगळ्यात आधी, कोटेशन घेण्याच्याही आधी, तुमची डीपी कोणत्या फीडरवर (उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीवर) आहे ते विचारा. शेतीपंपांच्या फीडरवर थ्री-फेज वीज पाळीपाळीने, ठरावीक तासच असते. तिथे चार्जर बसवला तर तो दिवसातला बराच वेळ शोभेला उभा राहील. गावठाण किंवा औद्योगिक फीडर हवा, आणि तो लांब असेल तर लाइन ओढण्याचा खर्च चार्जरच्या जोडीला येऊन बसतो.

६० किलोवॅट द्यायला यंत्र ६३-६४ घेतं, म्हणजे प्रत्येक फेजवर सुमारे ९० अँपिअर. १२५ अँपिअरचा एमसीसीबी (मोठा ब्रेकर), साडेतीन कोअरची ७० चौरस मि.मी. अॅल्युमिनियम आर्मर्ड केबल, १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. आधीच्या ६३ केव्हीएच्या डीपीवर चालवायचा विचारही नको. यंत्राच्या बॉडीला दोन अर्थ आणि विजा-वादळापासून रक्षण करणाऱ्या उपकरणाला एक वेगळा.

चौथरा बांधताना काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत खाली जा. मातीवर टेकवलेला चौथरा दोन पावसाळ्यांत कलतो आणि खालून येणाऱ्या केबलच्या ग्लँडमध्ये (केबल आत शिरते तिथल्या बुचात) फट पडून पाणी शिरतं. जमिनीपासून फूट-दीड फूट उंची ठेवा आणि वर पत्र्याची सावली कराच. ती गिऱ्हाइकासाठी नाही, यंत्रासाठी. काही गाड्यांचं चार्जिंगचं तोंड पुढे असतं, काहींचं मागे डावीकडे. केबल पाचेक मीटरची. तेव्हा गाडी सरळही आणि उलटीही घुसवता येईल अशी जागा आखा. पुढे लोखंडी अडसर हवाच, नाहीतर पहिला ट्रक रिव्हर्स घेताना यंत्र घेऊन जाईल.

खर्चाचं उदाहरण घ्या. चोवीस तास अखंड चालला तर १,४४० युनिट. नव्या जागी पाच टक्के वापर झाला तरी चांगलं म्हणायचं, म्हणजे रोज ७२ युनिट. समजा वीज आणि कर वजा जाता युनिटमागे ६ रुपये सुटतात. महिन्याला तेरा हजारांच्या आत. त्यातून अॅपवाल्याचा वाटा, सिम, विमा, देखभाल आणि लागू असेल तर मंजूर भारावरचा स्थिर आकार. कर्जाचा हप्ता यातून निघणार नाही. पण तोच माणूस पाऊण तास तुमच्याकडे बसून जेवतो, त्याचा हिशेब वेगळा मांडा. त्या जेवणाच्या गिऱ्हाइकीतून तूट भरून निघत असेल तर करा. नसेल जमत तर ३० किलोवॅटचा चार्जर आणि चार १५ अँपिअरची सॉकेटं एवढ्यावर सुरू करा; केबल आणि चौथरा मात्र ६० चाच घाला.

विजेच्या दराबद्दल एक लक्षात असू द्या. केंद्राच्या २०२४ च्या सूचनांत सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळेत सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर सुचवला आहे. महाराष्ट्रातला प्रत्यक्ष दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो, तो आदेश वाचूनच तुमचा दर लावा.

करारात यंत्रवाल्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या : बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येईल, सुटं मॉड्युल सोलापूर-पुण्यात ठेवलेलं आहे का, आणि गनची केबल बदलायचा खर्च कुणाचा. फिल्टर महिन्यातून एकदा झटकणं तुमच्याच पोराला शिकवा, त्याला इंजिनिअर लागत नाही. आणि रात्री गनवर दिवा आणि कॅमेरा ठेवा, त्या केबलमधल्या तांब्यावर डोळा ठेवणारे असतात.

प्रश्न : चार्जिंगच्या जागेत पेट्रोलची गाडी लावून मालक जेवायला गेलेला. काय करायचं? (पार्क चौक)

गाडीवर चिठ्ठी लावत बसू नका; त्या जागेच्या व्यवस्थापकाला सांगून गाडीचा नंबर पुकारायला लावा. जागेवर हिरवा रंग आणि 'फक्त चार्जिंगसाठी' अशी मराठीत मोठी पाटी असली की हा त्रास बराच कमी होतो. अनेकांना ती नुसती रिकामी, सावलीची जागा वाटते.